पट्टा

बेड नंबर सात, नऊ, अकरा.
आठला काही नव्हतं, दहालाही नाही.
म्हणजे शेजारून शेजारी सरकलं नव्हतं ते,
मधली घरं सोडून गेलं होतं,
कुणीतरी बोट धरून नेल्यासारखं.

प्लेटवर मलईचे ठिपके,
उबेच्या कपाटात दोन रात्री काढलेले.
वास ओळखीचा. आंबोळीच्या पिठाचा,
पहाटे झाकण उचललं की
स्वयंपाकघरभर हिंडतो तो.
घराणं तेच. हे पोर तेवढं वंगाळ निघालं,
पिठात रमेना, रक्तात उतरलं.

सात म्हणजे हुक्केरीचे बसगौडा.
साखर कारखान्याच्या काट्यावर जन्म गेला,
आता साखर रक्तात आणि मानेत नळी.
नऊ, नंदगडची फिलोमिन.
लघवीची नळी एकवीस दिवस,
अँटिबायोटिकं इतकी
की पोटातले भले जंतूच आधी मेले.
अकराचा सिद्राम चिकोडीहून
तीन दवाखाने फिरून इथं पोचलेला,
फाईल त्याच्या दंडापेक्षा जाड.
मोकळी खोली दिसली
की भाडेकरू येणारच.

बैठकीत साहेब म्हणाले,
मावश्या हात धूत नाहीत.
त्या वॉर्डात मावशी एकच, बाळाक्का होनगेकर.
उद्यापासून येऊ नको म्हणायचं जवळजवळ ठरलं.
मी म्हटलं, आधी तिचे हात बघू द्या.

तिनं ते पुढं केले.
"काय बघूलैस गे पोरी, नशीब?"
तळवे चुन्यानं खाल्ल्यासारखे,
नखांच्या कडा उललेल्या.
बेळगावातल्या एवढ्या मोठ्या दवाखान्यानं
जांभळं पाणी आणलं त्या दिवसापासून
तिला त्याचा भरवसा नव्हता.
फेस येतो, फरशी चकाकते, फुलांचा वास सुटतो.
ही शहापूरच्या दुकानातून
पदरच्या पैशानं ब्लीचिंगची पुडी आणायची.
"वासानं काय मरतंय?
नाकाला झोंबलं पायजे."

तिच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही.

मग ओला बोळा घेऊन मी वॉर्डभर फिरले.
कठडा. सलाईनचा खांब.
फोनचं चार नंबरचं बटण, सगळ्यांत झिजलेलं.
दाराशेजारी चिकटवलेल्या दोन पाट्या,
वर कै तोळेयिरी, खाली हात धुवा,
खालची कुणीतरी नखानं खरवडलेली.
बुरशीला दोन्ही वाचता येत नाहीत.
काखेतला थर्मामीटर, थोडं.
जांभळ्या पाण्याची बादली, भरपूर,
सुट्टीत विहिरीवर गेल्यासारखं.
आणि बीपीचा पट्टा.

राखाडी. वेल्क्रोत केस, धागे,
शिवणीत न जाणो किती दंडांचा घाम.
पहाटे सहाला सातला, मग नऊला, मग अकराला.
आठ आणि दहाला स्वतःचं मशीन,
स्वतःचा पट्टा.
इतकं सोपं होतं ते.
बोट कुणी धरलं नव्हतं,
दंड धरला होता,
रोज चार वेळा, काळजीनं.

सिस्टरनी बांधला, शिकाऊ पोरींनी बांधला,
साहेबांनी बांधला राउंडला, आणि
गेल्या मंगळवारी, बसगौडांना चक्कर आली तेव्हा,
तिथं दुसरं कुणी नव्हतं म्हणून
मीही.
तिथून तशीच फिलोमिनकडे गेले,
ती म्हणाली, माझा पण बघ बाई जरा.
किती हळू गुंडाळला होता,
कातडी पातळ होती तिची.

गुरुवारी नऊ नंबर रिकामा झाला.
साहेबांनी पुडीचे पैसे विचारले,
बाळाक्का म्हणाली, राहू द्या,
आणि गादीला, कठड्याला, खांबाला
पांढरं पाणी फासत राहिली,
चप्पल काढून, कुणाच्या तरी अंगणात असावी तशी.

अहवालात "मार्ग" असा एक रकाना असतो.
मी लिहिलं, पट्टा.
पेन खाली ठेवलं नाही लगेच.

बाळाक्काच्या हातांनंतर
मी माझाही हात टेकवला होता एका प्लेटवर.
नाव घातलं नाही, नुसती तारीख.
ती कपाटात आहे अजून.
उद्या सकाळी अठ्ठेचाळीस तास होतील.